काटा निम्म्याच्या खाली आणि गाडी उकळतेय! जुन्या पेट्रोल गाडीचा फॅन आणि टेंपरेचर मीटर, नेमकं कुठून बघायला सुरुवात करू?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं सांगतो. गाडी २००४ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, वडिलांनी नवी घेतलेली, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव टाकत नाही कारण यात कंपनीचा दोष नाही, गाडीचं वय झालंय. विकायची अजिबात नाहीये. आईला दर १५ दिवसांनी जळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, एसटीत तिला बसवत नाही, त्यामुळे गाडी भरवशाची पाहिजे एवढीच माझी गरज आहे.

सुरुवात मार्चमध्ये झाली. रात्री धरणगावहून येताना हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा थोडा वर सरकायचा, बंद केला की खाली. ब्लोअर लावला तर अजून वर. दिवसा व्यवस्थित. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी सेन्सर खराब आहे म्हणून मीटरचा सेन्सर बदलला आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणाले आपल्याकडे एवढ्या उन्हात त्याचं काही काम नाही. त्यानंतर काटा एकदम शांत, पाव भागाच्या वर येईचना. मला वाटलं सुटला प्रश्न.

गेल्या गुरुवारी दुपारी अडीचला बांभोरीच्या पुलावर जाम लागला, ऊन ४४ च्या आसपास, अर्धा तास गाडी हातभर सरकायची आणि थांबायची. काटा पावावरच. आई मागे बसलेली, तीच पहिल्यांदा म्हणाली काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय. बघतो तर बोनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली, बंद केली, बोनेट उघडलं, बाजूच्या बाटलीतून पाणी खदखदून बाहेर येतंय आणि फॅन ठप्प. आईला एका दुकानाच्या सावलीत बसवलं, पाऊण तास थांबलो, थंड झाल्यावर दोन लिटर पाणी बसलं त्यात. तिथून ब्लोअर गरमवर फुल ठेवून हळूहळू दवाखान्यात पोचलो. त्या दिवशी तिला जे बघितलं ना त्या सावलीत घाम पुसत बसलेली, तेव्हापासून चैन नाही.

एसी दोन वर्षांपासून बंद आहे, गॅस नाही. फॅन एकच आहे. त्यानंतर गाडी फक्त गावात फिरवलीय. गॅरेजवाला म्हणतो फॅन डायरेक्ट करून देतो, चावी लावली की चालू, टेन्शन नाही. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. पुढच्या बुधवारी परत जळगावला जायचंय. घरी मल्टिमीटर आहे, पाने आहेत, हात चालतो. सांगा काय करू.

काळी_माती, पाचोरा

भाऊ, डायरेक्ट करून टाका. आमची जीप आठ वर्षांपासून डायरेक्ट आहे, एक बटण लावलंय डॅशबोर्डला, ट्रॅफिक दिसला की दाबायचं. एकदाही तापली नाही. एवढं डोकं लावायचं काम नाही.

तापीबाई, भुसावळ

दादा, आधी एक सांगा, हेडलाइट लावल्यावर फक्त टेंपरेचरचा काटा वर जायचा का पेट्रोलचा काटापण सोबत हलायचा? आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीत दोन्ही काटे एकदमच नाचायचे, आम्ही सेन्सरवर सेन्सर बदलले, शेवटी निघालं काय तर मीटरच्या मागची अर्थची (अर्थिंगची) वायर ढिली. दोन्ही काटे सोबत हलत असतील तर इंजिनात शोधू नका, मीटरमध्ये शोधा. आणि आईंना आता बरं आहे ना? उन्हात थांबायची वेळ आली तर ओली ओढणी किंवा पंचा गाडीत ठेवत जा.

बोरीकाठ, अमळनेर

ताई, आई बरी आहे, धन्यवाद. पेट्रोलचा काटा हलत नव्हता, आत्ताच जाऊन परत बघितलं, हेडलाइट-ब्लोअर सगळं लावून. पेट्रोलचा जागेवर. टेंपरेचरचा अगदी केसभर हलतो अजून.

पांझरा_वायरिंग, धुळे

भाऊ, २२ वर्षं वायरिंगचंच काम करतोय, धुळ्यात. तुमची पोस्ट दोनदा वाचली. यात एक नाही, तीन वेगवेगळे फॉल्ट एकात एक अडकलेत असं मला वाटतं, आणि डायरेक्ट केलं तर तिन्ही झाकले जातील, गेलेला एकही नसेल. म्हणून तुमचं मन जे नाही म्हणतंय ते बरोबर म्हणतंय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, फॅन चालू करणारा वेगळा आणि काटा हलवणारा वेगळा. तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर एका वायरचा असतो, वॉटर बॉडीत (इंजिनवरचा पाण्याचा भाग) किंवा हेडला (इंजिनचा वरचा भाग) आटून बसवलेला. फॅनचा थर्मो स्विच बहुतेक रेडिएटरच्या टाकीत असतो, दोन वायरचा. आणि कॉम्प्युटरसाठी अजून एक दोन वायरचा सेन्सर, त्याला तुम्ही हात लावू नका. काही गाड्यांत फॅन कॉम्प्युटरच चालवतो, तिथे रेडिएटरला स्विचच दिसणार नाही, तसं असेल तर थांबा आणि इथे लिहा. लोक काट्याचा सेन्सर बदलतात आणि फॅन का लागत नाही म्हणून बसतात, त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही.

आता तुमचा काटा. एका वायरचा सेन्सर असतो त्याला अर्थ कुठून मिळतो? त्याच्या आट्यांतून, इंजिनच्या लोखंडातून. तो गरम झाला की त्याचा ओहम कमी होतो, करंट जास्त जातो, काटा वर जातो. मार्चमध्ये हेडलाइट लावल्यावर काटा चढायचा ना, ते सेन्सर खराब असल्याचं लक्षण नव्हतंच. ताईंनी जे विचारलं ते एक नंबर विचारलं, पेट्रोलचा काटा स्थिर म्हणजे मीटर आणि मीटरची अर्थ ठीक आहे, पेट्रोलच्या टाकीचा सेन्सर बॉडीवर अर्थ होतो आणि हा इंजिनवर, म्हणजे गडबड इंजिन आणि बॉडीच्या मधल्या अर्थच्या पट्टीत. लोड वाढला की सगळा करंट त्याच पट्टीतून अल्टरनेटरकडे परत जातो, पट्टी गंजलेली असली की इंजिनच्या आणि बॉडीच्या अर्थमध्ये फरक पडतो आणि काटा उगाच वर दिसतो. गाडी तापलेली नसते. तुमच्या गाडीत मार्चमध्ये पाणी उकळलं नव्हतं, बरोबर?

मग सेन्सर बदलल्यावर काटा पावावर का बसला? थर्मोस्टॅट काढला हे एक कारण, रस्त्याला गाडी खरंच थंड राहते. पण पुलावर पाणी उकळतंय आणि काटा पाव, हे त्यानं होत नाही. इथे माझा संशय नळाच्या पांढऱ्या टेपवर आहे. नवा सेन्सर लावताना लीक नको म्हणून आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळतात, दोन-तीन वेढे. पाणी थांबतं पण अर्थही थांबते! हे मी वर्षातून पाच-सहा वेळा बघतो. दुसरी शक्यता, पाणी कमी झालेलं होतं आणि सेन्सर पाण्याबाहेर वाफेत उघडा पडला, तेव्हाही काटा खाली पडतो. दोन लिटर बसलं म्हणजे हेही झालेलं असणार.

तर आता असं करा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही हे मी दर वेळी सांगतो, लोकांचे हात-तोंड भाजलेले बघितलेत मी. झाकण उघडून पाणी काठोकाठ करा. मग चावी ऑन, इंजिन बंद, एका वायरच्या सेन्सरची वायर काढा, काटा तळाला गेला पाहिजे. तीच वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला दोन सेकंद टेकवा, काटा पार एचकडे (गरमच्या खुणेकडे) गेला पाहिजे, लगेच काढा, टेकवून ठेवू नका. गेला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. मग चावी बंद करून मल्टिमीटर ओहमला, एक टोक सेन्सरच्या षटकोनी पितळेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. शून्याच्या जवळ पाहिजे. ५-१० ओहम जरी दाखवला तरी काटा खोटं सांगणार, कारण या सेन्सरचा स्वतःचा ओहमच गरम झाल्यावर थोडकाच उरतो.

अर्थ पट्टीसाठी इंजिन चालू, हेडलाइट हायबीम, ब्लोअर फुल, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक इंजिनच्या लोखंडाला दुसरं बॉडीच्या उघड्या बोल्टला. ०.२ व्होल्टच्या वर आलं की पट्टी आणि तिचे दोन्ही बोल्ट काढून पॉलिश पेपरनं चकचकीत करा. नुसतं आवळून भागत नाही, गंज आत असतो.

फॅनसाठी रेडिएटरच्या स्विचचं कनेक्टर काढा, चावी ऑन, कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा टाकून जोडा. हात, गमछा, चार्जरची वायर, काहीही पात्याजवळ नको, फॅन एकदम लागतो. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच), वायरिंग सगळं पास आणि स्विच नापास. नाही फिरला तर फ्यूज बघा, रिले हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा, बऱ्याचदा दोन्ही सारखेच असतात, मग मोटरला बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट द्या. मोटरला टिचकी मारल्यावर फिरायला लागली तर कार्बन संपलेत.

आणि एक, फॅन फिरतोय म्हणून खूश होऊ नका, कुठल्या दिशेला फिरतोय ते बघा. मोटर आधी कधी भरून आणली असेल तर वायर उलट जोडलेली असू शकते. गाडीच्या नाकासमोर वर्तमानपत्राचं पान धरा, ते जाळीला चिकटलं पाहिजे. उडून गेलं तर फॅन उलटा आहे आणि चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतोय.

काळी_माती, पाचोरा

दादा एवढं खोलात मला माहीत नव्हतं. पण मग माझ्या जीपचं काय, डायरेक्ट वाईटच का? मला तर काही त्रास झाला नाही.

पांझरा_वायरिंग, धुळे

वाईट असं नाही भो, अडचणीत मीपण करून देतो, पण नीट. बऱ्याच ठिकाणी डॅशबोर्डच्या बारीक बटणातून फॅनचा सगळा करंट नेतात, फॅन १० अँपिअरच्या आसपास सहज ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त, बटण वितळतं, वायर तापते, कार्पेटखाली धूर. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला फॅन, ८५-८६ ला बटण, आणि बटणाशेजारी छोटा लाल दिवा की फॅनला करंट जातोय का ते दिसेल. तुमच्या जीपचं वायरिंग असं आहे का बघा, नसेल तर उन्हाळा संपायची वाट बघू नका. बोरीकाठ भाऊंचा प्रश्न वेगळा आहे, त्यांचा काटाच खोटा आहे. फॅन डायरेक्ट केला, उद्या होज फुटला, पाणी गेलं, तर काटा पावावरच दाखवत राहील आणि हेड वाकेपर्यंत कळणार नाही.

घाटरस्ता, चाळीसगाव

वायरिंगचं दादांनी सांगितलं, मी पाण्याच्या बाजूचं सांगतो, कन्नड घाटात ३० वर्षं गाडी चालवलीय, आधी मालाची आता स्वतःची.

एक साधी खूण आहे. गाडी उभी असताना, जाममध्ये, फाटकावर तापते आणि रस्त्याला लागली की उतरते, तर फॅन बघा. उलट गावात ठीक आणि ८० च्या स्पीडला किंवा घाटात तापते, तर फॅनला दोष देऊ नका, कारण त्या स्पीडला समोरचा वारा फॅनपेक्षा जास्त काम करतो, तिथे रेडिएटर चोक, वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा हेड गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग). तुमची जाममध्ये तापली म्हणजे फॅनच, पण उकळल्यावर हेड गॅसकेट एकदा तपासून घ्या. गार इंजिन, झाकण उघडं, चालू करा आणि पाण्यात बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे हवेचे असतात, ते थांबतात. सतत, एकसारखे येत राहिले तर गॅसकेट. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखं पांढरट काही दिसतंय का तेही बघा.

थर्मोस्टॅट परत लावा भाऊ. हे आपल्या भागातलं जुनं खूळ आहे, प्रत्येक गॅरेजला काढून फेकतात. त्याच्यावर ८२ असा आकडा असतो, ८२ डिग्रीला उघडायला लागतो आणि उघडताना बऱ्याच इंजिनांत मागची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच, मग जाममध्ये थोडं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरतं. म्हणजे हिवाळ्यात गाडी गार आणि ऍव्हरेज कमी, उन्हाळ्यात गर्दीत जास्त गरम, दोन्हीकडून नुकसान. नवा लावण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यात पाण्यात सोडा, गॅसवर ठेवा, उकळायच्या आधी तोंड उघडलं पाहिजे. उघडलं नाही तर तो दुकानदाराला परत.

अजून एक जे कुणी बोलत नाही. थर्मोस्टॅट बंद अडकला किंवा रेडिएटर आतून भरला तर इंजिन उकळतं आणि रेडिएटर गारच राहतो, मग रेडिएटरमधला स्विच गरमच होत नाही आणि फॅन लागत नाही. लोक फॅन बदलतात. गाडी गरम झाल्यावर वरच्या आणि खालच्या पाइपाला जपून हात लावून बघा, वरचा चटका देणारा आणि खालचा गार लागला की पाणी फिरत नाहीये.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका! आपल्याकडच्या पाण्यात किती क्षार आहे ते घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा, पांढरं प्लास्टर चढलेलं असतं, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतं. पुलावर जे टाकलं ते टाकलं, तेव्हा पर्याय नव्हता, पण आता सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं टाका. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको असं म्हणतात, पण कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळायची डिग्रीही वाढवतो. झाकणाचा रबर पण बघा, ते साधं झाकण नाही, ०.९ बारचं प्रेशर धरतं म्हणून आतलं पाणी १०० ला उकळत नाही, जवळजवळ १२० पर्यंत तग धरतं. रबर कडक झाला, चिरला की प्रेशर गेलं आणि पाणी बाटलीतून बाहेर.

बाहेरून पण बघा. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांमागे कितीतरी वेळा चालतो आपण, तो सगळा कापूस एसीच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मध्ये जाऊन बसतो, समोरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या नळाच्या पाण्यानं धुवा, गाडी धुवायच्या प्रेशरनं नको, पाती वाकतात.

बोरीकाठ, अमळनेर

मंडळी, शनिवार-रविवार दोन्ही दिवस गाडीतच होतो. जे निघालं ते जसंच्या तसं लिहितो.

काट्याची वायर काढली, तळाला गेला. लोखंडाला टेकवली, सरळ एचला. म्हणजे मीटर ठीक. सेन्सरच्या पितळेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावला तर २६ ओहम, पान्यानं जरा हलवलं की ४०, परत १८. सेन्सर काढला आणि दादा, तुम्ही म्हणालात तेच, पांढरी टेप, चार वेढे, इतकी घट्ट की आटे दिसतच नव्हते. वॉटर बॉडीच्या भोकातपण टेपच्या चिंध्या अडकलेल्या, चिमट्यानं काढल्या. सगळं घासलेटनं पुसलं, तांब्याचा नवा वायसर टाकून टेप न लावता बसवला, आता ०.३ ओहम. लीक नाही.

अर्थची पट्टी शोधायलाच अर्धा तास गेला, बॅटरीच्या ट्रेच्या खाली गिअरबॉक्सकडून बॉडीला येते. हेडलाइट-ब्लोअर लावून ०.६४ व्होल्ट. काढली तर एका टोकाचं लग हिरवं पडलेलं आणि निम्मे तार तुटलेले. नवी पट्टी टाकली, बॉडीचा रंग घासून लोखंड उघडं केलं. आता ०.०४.

फॅनच्या कनेक्टरमध्ये वायर टाकल्याबरोबर फॅन फिरला. वर्तमानपत्राचं पान जाळीला चिकटलं, म्हणजे दिशाही बरोबर. स्विच काढला, त्याच्या पितळेवर ९२-८७ असं कोरलंय. पातेल्यात पाणी, स्विचचं फक्त टोक पाण्यात, मल्टिमीटर बीपवर, शेजारच्या डेअरीवाल्यांकडून थर्मामीटर आणला. ९२ झालं, ९५ झालं, पाणी खदखदायला लागलं, बीप नाही. आईपण ओट्याजवळ येऊन बसली होती बघायला. जळगावहून नवा मागवला, दुकानदार आधी १०० वाला देत होता, बसतो म्हणाला. बसतो खरंच, आटे तेच आहेत, पण मी आकडा बघून ९२-८७ चाच घेतला. नवा ९२ च्या आसपास टिक करून बीप वाजला, पाणी गार होताना ८७-८८ ला बंद.

बुडबुडे नाहीत, ऑइलचं झाकण साफ आहे. थर्मोस्टॅट ८२ चा, पातेल्यात उघडलेला बघूनच लावला. झाकण नवं. जाळीच्या मधून कापूस निघाला तो मुठीत मावत नव्हता, मला खरं वाटेना. आता कूलंट भरताना एकच शंका, भरून झाकण लावलं, इंजिन गरम केलं तर काटा निम्म्यापर्यंत जातो, मग एकदम पावावर पडतो, परत वर. पाणी तर काठोकाठ होतं.

पांझरा_वायरिंग, धुळे

हवा अडकलीय. गार होऊ द्या. गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, घरासमोरच्या रॅम्पवर पण चालेल. झाकण उघडं, आतला हीटर फुल गरमवर करा म्हणजे हीटरच्या पाइपातली हवापण निघेल, इंजिन चालू करून वरचा पाइप हातानं दाबत-सोडत राहा. पातळी एकदम खाली जाईल, भरत राहा. वरचा पाइप गरम झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. मग फॅन आपोआप लागेपर्यंत उभी ठेवा, दोनदा लागून बंद व्हायला पाहिजे. त्याशिवाय बांभोरीला नेऊ नका.

तापीबाई, भुसावळ

आणि आईंना घेऊन जायच्या आधी एकटे एकदा धरणगावपर्यंत जाऊन या दादा.

बोरीकाठ, अमळनेर

हवा निघाली, पाऊण लिटर अजून बसलं. अंगणात उभी ठेवली, काटा निम्म्याच्या किंचित वर आला की फॅन लागायचा, दोन-अडीच मिनिटांत बंद, असं तीन वेळा बघितलं. ताई, तुमचं ऐकून मंगळवारी दुपारी मुद्दाम एकटाच धरणगावला जाऊन आलो, बाजारात १५ मिनिटं चालू ठेवून उभा राहिलो.

बुधवारी आईला घेऊन गेलो. पुलावर परत जाम, यावेळी २० मिनिटं. मी समोर बघतच नव्हतो, नुसता काट्याकडे. निम्म्याला आला, थोडा वर सरकला, आणि पुढून तो घूं आवाज सुरू झाला, काटा जागेवर थांबला आणि मग खाली. आई मागून म्हणाली, लागला का रे तो? म्हटलं लागला. मग तिनं डोळे मिटले आणि दवाखाना येईपर्यंत झोपली. येताना रात्र झाली, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावलं, काटा हलला नाही.

काळी_माती दादा, तुमच्या जीपचं बटण बघितलं का?

एकच राहिलंय. आज सकाळी बघितलं तर बाटलीतली पातळी एक बोट कमी आणि वरच्या पाइपाची इंजिनकडची क्लिप ओलसर, बोट लावलं तर कूलंटचा हिरवा डाग.

काळी_माती, पाचोरा

बघितलं भाऊ. बटणाचं प्लास्टिक मागून पिवळं पडून वाकलंय, वायर अगदी बारीक आहे, फ्यूज नाहीच. रिले आणलाय, उद्या बसवतो, ३० आणि ८७ उलटसुलट झालं तर काही होतं का तेवढं सांगा.

पांझरा_वायरिंग, धुळे

साध्या चार पिनच्या रिलेत ३० आणि ८७ अदलाबदल झाले तरी चालून जातं, पण फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे, वीतभर अंतरावर, फॅनच्या जवळ नको.

बोरीकाठ भाऊ, एक बोट हे बऱ्याचदा उरलेली हवा निघाल्यामुळे असतं, पण क्लिप ओली आहे म्हणजे तिथूनपण जातंय. गार इंजिनवर क्लिप सोडवा, पाइप काढून आतलं तोंड बघा, जुन्या पाइपाचं रबर क्लिपखाली कडक होऊन चीर पडते. चीर असेल तर तेवढं बोटभर कापून परत बसवता येतं का बघा, पाइप ताणला जात असेल तर नवाच घ्या. बसवताना लोखंडी नळीवरचा पांढरा थर पॉलिश पेपरनं काढा. स्प्रिंगची क्लिप असेल तर तिची पकड गेलेली असते, स्क्रूची टाका. चार दिवस रोज सकाळी बाटलीवर पेनानं रेघ मारून पातळी बघा आणि इथे टाका.